कार्ड नंतर, आधी डबा उघडा: जुन्या कम्प्युटरसाठी स्वस्तातलं ग्राफिक्स कार्ड

जुन्या कम्प्युटरवाल्यांना २०२५चा ऑक्टोबर जड गेला. १४ तारखेला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०ची नेहमीची देखभाल थांबवली. ग्राफिक्स कार्डांच्या चिप बनवणाऱ्या एन्व्हिडियानेही जीटीएक्स ९०० आणि १००० मालिकेतल्या कार्डांसाठी गेमचे नवे ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, काढायला तोच महिना शेवटचा ठरवला. या कार्डांना आता ऑक्टोबर २०२८पर्यंत तीन-तीन महिन्यांनी फक्त सुरक्षेपुरते अपडेट मिळतील. ‘स्वस्तात कुठलं कार्ड घेऊ?’ असं कुणी विचारलं की वर्षानुवर्षं डोळे झाकून ज्याचं नाव सांगितलं जायचं, ते २०१६चं जीटीएक्स १०५० टीआय अशा रीतीने पेन्शनीत निघालं.

घरचा इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-५ प्रोसेसर मात्र अजून ठणठणीत आहे. त्यात बरं कार्ड घालून आणखी दोन-तीन वर्षं काढता येतील का? बहुतेक वेळा येतात. पण कुठलं कार्ड घ्यायचं, हे कार्डांच्या याद्या चाळून कळत नाही. ते ठरतं टेबलाखालच्या डब्यावरून, ज्याला आपण घरी सर्रास ‘सीपीयू’ म्हणतो. वीज किती, जागा किती, स्लॉट कुठल्या पिढीचा, प्रोसेसर किती दमाचा, हे चार प्रश्न सुटले की बाजारातल्या पन्नास कार्डांपैकी दोन-तीनच शिल्लक राहतात.

कणीक मळणारा एक, लाटणारे शेकडो

प्रोसेसर म्हणजे कणीक मळणारा तरबेज माणूस, आणि ग्राफिक्स कार्ड म्हणजे ओळीने बसून पोळ्या लाटणारे शेकडो हात. गेममध्ये समोरचा कुठे पळाला, गोळी लागली का, भिंत पडली का, हे प्रोसेसर ठरवतो आणि गोळा पुढे सरकवतो. कार्ड त्या गोळ्याचं चित्र करतं. साध्या १९२० बाय १०८०च्या पडद्यावर वीस लाखांहून जास्त ठिपके असतात. त्यातल्या प्रत्येकाचा रंग ठरवायचा, आणि तोही सेकंदाला साठ वेळा. कार्डातले हात साधे असतात, पण भरपूर असतात, म्हणून हे जमतं.

यातूनच एक गैरसमज निकालात निघतो. कम्प्युटर चालू व्हायला तीन मिनिटं लागतात, ब्राउझर अडखळतो, एक्सेलची फाइल उघडता उघडत नाही, या तक्रारींवर ग्राफिक्स कार्ड हे औषध नाही. तिथे जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी लावा आणि रॅम ८ जीबीच्या खाली असेल तर वाढवा. कार्डाच्या किमतीच्या अंशात काम होतं. कार्ड हवं ते गेमसाठी, व्हिडिओ एडिटिंगसाठी, ब्लेंडरसारख्या त्रिमितीय कामासाठी, किंवा बोर्डावरचा, म्हणजे मदरबोर्डवरचा, डिस्प्लेच गेला असेल तर.

विजेचा हिशेब: स्टिकरवरचा मोठा आकडा वाचू नका

जुन्या घरात एसी घ्यायचा तर आपण आधी वायरमनला बोलावतो. मीटर झेपेल का, पंधरा अँपियरचा पॉइंट आहे का, वायर किती जाडीची आहे, हे त्याला विचारतो. कार्डाचंही तसंच. बोर्डावरच्या ज्या लांब स्लॉटमध्ये कार्ड बसतं, तो पीसीआय एक्सप्रेस स्लॉट नियमाप्रमाणे जास्तीत जास्त ७५ वॅट देतो. हा झाला घरातला साधा पॉइंट. त्याहून जास्त खाणाऱ्या कार्डाला एसएमपीएसमधून, म्हणजे डब्याला वीज पुरवणाऱ्या पेटीतून, वेगळी वायर लागते. सहा पिनची वायर आणखी ७५ वॅट आणते, आठ पिनची १५०.

आता एसएमपीएस बघा. डब्याचं बाजूचं झाकण काढलं की मागच्या कोपऱ्यात पत्र्याची पेटी दिसते, तिच्यावर स्टिकर असतो. मोठ्या अक्षरात ‘४५० वॅट’ लिहिलेलं असतं. ते सोडून द्या. खालच्या बारीक तक्त्यात +३.३, +५ आणि +१२ व्होल्ट असे रकाने असतात. कार्ड आणि प्रोसेसर यांचं पोट भरतं ते जवळजवळ सगळं १२ व्होल्टवर. समजा त्या रकान्यात १६ अँपियर आहे. १६ गुणिले १२, म्हणजे १९२ वॅट. ‘४५०’चा खरा ऐवज एवढाच. त्यातले ८४ वॅट आय-५ ४५९०सारखा प्रोसेसर भर कामात घेतो. बोर्ड, डिस्क, पंखे मिळून आणखी पंचवीस-तीस धरा. हातात उरतात ऐंशीच्या आसपास. ७५ वॅटचं कार्ड इथे कसंबसं बसेल, १३० वॅटचं नाही. आणि हा हिशेब स्टिकर खरं बोलतो असं धरून केलेला आहे. लोकल असेंबल्ड कम्प्युटरबरोबर फुकटात आलेला एसएमपीएस हातात घेतल्यावर खेळण्यासारखा हलका लागला, तर स्टिकरवर फार विश्वास ठेवू नका.

ऑफिसांतून निघालेले रिफर्बिश्ड डबे याच्या उलट. डेल ऑप्टिप्लेक्स ९०२०च्या उभ्या, मोठ्या डब्यात २९० वॅटचा एसएमपीएस येतो आणि स्लिम डब्यात २५५चा. आकडा छोटा, पण बोललेला शब्द पाळणारा. अडचण दुसरी आहे. या एसएमपीएसना कार्डासाठीची सहा-आठ पिनची वायर सहसा नसतेच. ‘मग एसएमपीएसच बदलू’ म्हणाल, तर ९०२०च्या बोर्डाला बाजारातली नेहमीची २४ पिन बसत नाही, तिथे डेलची स्वतःची ८ पिनची जोडणी आहे. मधली बदल-वायर मिळते, पण स्लिम डब्यात नेहमीच्या आकाराचा एसएमपीएस मावतच नाही. अशा डब्यांसाठी नियम सरळ आहे: वेगळी वायर न मागणारं, ७५ वॅटच्या आतलं कार्ड.

दुकानदार इथे एक जुगाड सुचवतो, हार्ड डिस्कच्या साटा वायरवरून सहा पिन काढून देणारी छोटी केबल. ती नको. साटाच्या जोडणीत १२ व्होल्टच्या तीन पिना असतात, प्रत्येकीची क्षमता दीड अँपियर, म्हणजे एकूण ५४ वॅट. सहा पिनवर कार्ड ७५ मागू शकतं. आधी प्लॅस्टिक पिवळं पडतं, मग वितळतं.

यूपीएसचंही विसरू नका. घरोघरी असतो तो ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात साधारण ३६० वॅटचाच असतो, आणि त्यावर मॉनिटर, राउटर, कधी कधी स्पीकरही असतात. वीज गेल्यावर गेम चालू असताना तो शिट्टी मारून बंद पडला, तर दोष कार्डाचा नाही.

फूटपट्टी घेऊन बसा

तीन मापं घ्यायची. पहिलं उंचीचं. डब्याच्या मागे स्लॉटसमोर पत्र्याच्या उभ्या पट्ट्या असतात. पट्टी साधारण १२ सेंटिमीटर असेल तर पूर्ण उंचीचं कार्ड बसेल. ८ सेंटिमीटर असेल तर ‘लो प्रोफाइल’, म्हणजे बुटकं कार्डच लागेल. बुटक्या कार्डाच्या खोक्यात छोटी पट्टी दिलेली आहे का, हे घेण्याआधी विचारा. सेकंडहॅण्ड कार्डाची छोटी पट्टी हमखास हरवलेली असते, आणि सुटी शोधताना जीव जातो.

दुसरं माप जाडीचं. हल्लीची बहुतेक कार्डं पंख्यामुळे दोन पट्ट्यांची जागा घेतात. काही स्लिम डब्यांत लांब स्लॉट एसएमपीएसच्या अगदी कुशीत असतो, तिथे एका पट्टीचंच कार्ड मावतं. तिसरं माप लांबीचं, मागच्या पट्टीपासून समोरच्या डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत. बोर्डावरचे साटाचे पोर्ट कार्डाच्या वाटेत येत नाहीत ना, तेही बघून ठेवा. कार्ड बसतं आणि मग हार्ड डिस्कची वायर लावायला बोटच जात नाही, असं बऱ्याचदा होतं.

टाकी हजार लिटरची, पाइप अर्ध्या इंचाचा

बाजारात सगळ्यात जास्त फसवणूक ‘४ जीबी’ या शब्दावर होते. कार्डावर स्वतःची मेमरी असते, आणि ‘जीबी जास्त तर कार्ड दणकट’ असा समज आहे. गच्चीवर हजार लिटरची टाकी आहे, पण खाली येणारा पाइप अर्ध्या इंचाचा असेल तर बादली भरायला वेळ लागणारच. कार्डातल्या मेमरीचा पाइप म्हणजे ती सेकंदाला किती डेटा देते तो आकडा.

जीटी १०३० हे याचं नमुनेदार उदाहरण. २०१७मध्ये ते जीडीडीआर५ मेमरीसह आलं, पाइप सेकंदाला ४८ जीबीचा. पुढच्या वर्षी त्याच नावाने डीडीआर४ मेमरीचं आलं, पाइप १७ जीबीच्या आसपास. खोका तसाच, नाव तेच, ‘२ जीबी’ही तेच, आणि गेममध्ये वेग निम्म्याच्या आसपास. जीटी ७३०चं तर विचारूच नका. त्या एका नावाखाली दोन वेगवेगळ्या पिढ्यांच्या चिप आणि वेगवेगळ्या प्रकारच्या मेमऱ्या विकल्या गेल्या. त्याचं ४ जीबी डीडीआर३ मॉडेल पाहून हुरळू नका, ती टाकी त्या चिपला कधी वापरता येणारच नाही. तुलनेसाठी, जीडीडीआर५ मेमरीच्या जीटीएक्स १६५०चा पाइप १२८ जीबीचा आहे आणि आरटीएक्स ३०५०च्या ६ जीबी मॉडेलचा १६८चा.

जीबीला अजिबात अर्थ नाही असंही नाही. पाइप चांगला असेल तेव्हा जीबी म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा. सगळं सामान ओट्यावर मावलं की हात भराभर चालतात. मावलं नाही की काही डबे माळ्यावर, म्हणजे कम्प्युटरच्या साध्या रॅममध्ये ठेवावे लागतात आणि दर खेपेला शिडी चढावी लागते. गेम छान चालता चालता मध्येच गचके खातो, तो बहुतेक वेळा याच चढ-उतारामुळे. हल्लीच्या मोठ्या गेमना ४ जीबीचा ओटा अपुरा पडायला लागला आहे. ६ जीबी बरा, ८ निवांत.

ती शिडी किती रुंद, हा स्लॉटचा विषय. स्लॉटमध्ये ‘लेन’ असतात, डेटाच्या समांतर वाटा. दर पिढीला एका लेनची क्षमता साधारण दुप्पट होत गेली: दुसऱ्या पिढीत सेकंदाला अर्धा जीबी, तिसऱ्यात जवळपास एक, चौथ्यात जवळपास दोन. दुसऱ्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरसोबत पीसीआय एक्सप्रेसची दुसरी पिढी येते. चौथ्यापासून दहाव्या पिढीपर्यंतच्या इंटेलसोबत तिसरी. तिसऱ्या पिढीच्या इंटेलमध्ये प्रोसेसर आणि बोर्ड कुठला, यावर अवलंबून.

आता एएमडीचं आरएक्स ६४०० घ्या. त्याचा कनेक्टर दिसायला लांब, पण आत चारच लेन जोडलेल्या आहेत. चौथ्या पिढीच्या स्लॉटमध्ये त्याला ८ जीबीची शिडी मिळते, तुमच्या तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर ४ जीबीची, आणि जुन्या एच-६१ बोर्डावर दुसऱ्या पिढीचा प्रोसेसर असेल तर २ जीबीची. ओटाही ४ जीबीचाच. म्हणजे जे कार्ड जुन्या डब्यासाठी म्हणून विकलं जातं, तेच जुन्या डब्यात सगळ्यात जास्त अडखळतं. कार्ड वाईट नाही, पण त्याचं माहेर नवं बोर्ड आहे.

‘पण माझा प्रोसेसरच जुना आहे, तो अडवणार नाही का?’

कणीक मळणारा हळू असेल तर लाटणारे हात रिकामे बसतात. हे खरं, पण सरसकट खरं नाही. तुमच्या कम्प्युटरवर आत्ता कुठलं का होईना कार्ड असेल तर दहा मिनिटांत तपासता येतं. नेहमीचा गेम चालू करा, टास्क मॅनेजरमधला परफॉर्मन्सचा टॅब उघडा. कार्डाचा वापर ९५ टक्क्यांच्या वर चिकटलेला असेल तर कार्डच कमी पडतंय, बदला. कार्ड ५०-६० टक्क्यांवर आणि प्रोसेसर शंभरीला टेकलेला असेल तर नवं कार्ड घालून फारसं काही हाती लागणार नाही. दुसरी परीक्षा आणखी सोपी. गेमचं रिझोल्यूशन १२८० बाय ७२० करा. चित्र धूसर होऊनही वेग वाढत नसेल, तर अडथळा प्रोसेसरचा आहे. बोर्डावरच्या डिस्प्लेवर ही परीक्षा फसवी ठरते, कारण तो इतका दुबळा असतो की दोष नेहमी त्याच्याच माथी येतो.

गेमनुसारही फरक पडतो. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ प्रोसेसरला जास्त पिळतात. मोठ्या जगाचे, सुंदर चित्रांचे गेम कार्डाला. घरातल्या मुलाला फक्त व्हॅलोरंट खेळायचं असेल तर महाग कार्ड घेण्यात हशील नाही. रॅमची एकच ८ जीबीची पट्टी लावलेली असेल तर तिच्या जोडीला तशीच दुसरी लावा. दोन पट्ट्यांवर प्रोसेसरला दुहेरी वाट मिळते, आणि जुन्या कम्प्युटरवर तो फरक डोळ्यांना दिसतो.

एक भिंत मात्र पैशाने ओलांडता येत नाही. काही नवे गेम प्रोसेसरमध्ये ‘एव्हीएक्स२’ नावाच्या सूचनांचा संच मागतात. इंटेलमध्ये तो चौथ्या पिढीपासून आला, आणि त्या काळच्या पेंटियम-सेलेरॉनमध्ये तेव्हाही नव्हता. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या प्रोसेसरवर असा गेम कार्ड कितीही भारी असो, उघडतच नाही.

‘आणि विंडोज ११चं काय?’

मोजके अपवाद सोडले तर इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर विंडोज ११च्या अधिकृत यादीत नाहीत. कार्डाच्या बाबतीत त्याने लगेच बिघडत नाही. विंडोज १०ला घरगुती वापरासाठी ऑक्टोबर २०२६पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट घेता येतात, आणि आरटीएक्स कार्डांना विंडोज १०वर नवे ड्रायव्हर द्यायची मुदतही एन्व्हिडियाने तेव्हापर्यंतचीच सांगितली आहे. आडवाटेने विंडोज ११ चढवणारे बरेच आहेत. त्यांच्यासाठी एकच सूचना: विंडोज ११वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (खात्रीची विंडोजच सुरू होऊ देणारी सोय) दोन्ही लागतं. चौथ्या पिढीच्या बहुतेक डब्यांत टीपीएम २.० नसतं, त्यामुळे विंडोज चालेल आणि गेम चालणार नाही.

मग घ्यायचं कुठलं?

डबा मोठा, पण एसएमपीएसला वेगळी वायर नाही, आणि प्रोसेसर चौथ्या पिढीचा किंवा पुढचा: आरटीएक्स ३०५०, ६ जीबी. फेब्रुवारी २०२४मध्ये आलेलं हे कार्ड ७० वॅटवर चालतं, आणि बहुतेक मॉडेलना वायर लागत नाही. लेन आठ, त्यामुळे तिसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये गुदमरत नाही. व्हिडिओ एक्स्पोर्ट करायला चांगला एन्कोडर आहे, म्हणजे चित्रफीत दाबून साठवणारा वेगळा भाग. कमी रिझोल्यूशनवर चित्र काढून ते मोठं करणारी डीएलएसएसची सोयही आहे. नावाची गफलत इथेही आहेच. ३०५०चं ८ जीबीचं थोरलं भावंड १३० वॅट खातं आणि वायर मागतं. दुकानात ‘३०५० द्या’ एवढंच म्हणालात तर कुठलं हातात पडेल सांगता येत नाही. बुटक्या पट्टीचं ६ जीबी मॉडेलही मिळतं, पण ते सहसा दोन पट्ट्यांच्या जाडीचं असतं.

स्लिम डबा आणि एकाच पट्टीची जागा असेल तर निवड आक्रसते. बुटकं, एका पट्टीचं आरएक्स ६४०० मिळतं, ५३ वॅटचं. वर सांगितलेली शिडीची अडचण आहेच, शिवाय त्यात व्हिडिओ एन्कोडर नाही. यूट्यूबसाठी एडिटिंग करणाऱ्याने किंवा स्क्रीन रेकॉर्ड करणाऱ्याने ते घेऊ नये. त्यापेक्षा ऑफिसांतून निघालेली एन्व्हिडियाची टी६०० किंवा टी१००० बघा, अनुक्रमे ४० आणि ५० वॅटची, दोन्ही बुटकी आणि एका पट्टीची. ही मुळात कॅड-आरेखनाच्या कामाची कार्डं, म्हणून गेमवाल्यांचं तिकडे लक्ष नसतं. त्यांना मिनी डिस्प्लेपोर्ट असतात. खोक्यातलं कन्व्हर्टर विक्रेत्याने दिलं नाही तर ते वेगळं घ्यावं लागतं, तो खर्च आधीच धरा.

एसएमपीएस चांगला आहे, आठ पिनची वायर आहे आणि प्रोसेसर सहा कोअरचा आहे, अशांनी १३२ वॅटचं आरएक्स ६६०० पाहावं. ८ जीबीचा ओटा त्याच्याकडे आहे. जुन्या चार कोअरच्या आय-५वर मात्र त्याची अर्धी ताकद वाया जाईल.

इंटेलचं आर्क ए३८० कागदावर मोहात पाडतं, ६ जीबी आणि उत्तम एन्कोडर. पण त्याला ‘रिसाइझेबल बार’ लागतो. कार्डाची सगळी मेमरी प्रोसेसरला एका दमात दिसू देणारी ही सोय इंटेल स्वतः दहाव्या पिढीपासून पुढे सांगतं. तिच्याविना कार्ड चालतं, पण रडतखडत. जुन्या डब्यात नको.

जीटी ७१० आणि ७३० अजून नव्या कोऱ्या खोक्यात मिळतात आणि अजून विकली जातात. त्यांच्या चिपचे नेहमीचे ड्रायव्हर २०२१पर्यंत थांबलेच होते. बोर्डावरचा डिस्प्ले मेलाय आणि टॅली चालवायचंय, एवढ्यासाठी ठीक. गेमच्या नावाखाली कुणी गळ्यात मारत असेल तर उठून या.

‘सेकंडहॅण्ड घेतलं तर निम्म्यात पडेल की!’

पडेल. जीटीएक्स १६५०, जीटीएक्स १६६० सुपर, आरएक्स ५८० ही नावं मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, पुण्याच्या तापकीर गल्लीच्या परिसरात आणि ऑनलाइन जुन्या बाजारात फिरताना दिसतील. १६५० घेताना नीट पाहा: चिप ७५ वॅटची असली तरी अनेक मॉडेलना सहा पिनचं तोंड दिलेलं आहे, आणि ते रिकामं ठेवून कार्ड चालत नाही.

आरएक्स ५८० सगळ्यात स्वस्त दिसतं, कारण सांगतो. इथेरियम या आभासी चलनाचं ‘मायनिंग’ ग्राफिक्स कार्डांवर चालायचं. १५ सप्टेंबर २०२२ला ते तंत्रच बदललं, आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात आली. मायनिंगने चिप मरत नाही, पण पंख्याचे बेअरिंग आणि मेमरीवरचे थर्मल पॅड झिजतात. शिवाय याच नावाचं ‘२०४८ एसपी’ मॉडेल आहे, ते आतून आरएक्स ५७०च. खऱ्या ५८०मध्ये २३०४ गणक, म्हणजे ते लाटणारे हात, असतात. वीजही बघा: १८५ वॅट रोज चार तास धरले तर महिन्याला २२ युनिट, ७० वॅटच्या कार्डाला साडेआठच्या आत.

विक्रेत्यासमोर करायची तपासणी अशी. जीपीयू-झेड हे फुकट सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर न्या. ते चिप, गणकांची संख्या आणि मेमरीचा प्रकार दाखवतं. जुन्या चिपवर नवं नाव चढवलेल्या बनावट एन्व्हिडिया कार्डांवर ते ‘फेक’ असा शिक्काही मारतं. मग फरमार्क हे कार्डावर पूर्ण ताण देणारं सॉफ्टवेअर पंधरा मिनिटं चालवा. पडद्यावर रंगीत ठिपके किंवा चौकटी उमटल्या तर मेमरी गेली. पंखा घरघरतोय का ऐका. शेवटी मागची पट्टी आणि स्क्रू बघा. मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट हवेत राहिलेल्या कार्डाची पट्टी गंजलेली असते, आणि तो गंज आत कुठवर गेलाय हे बाहेरून कळत नाही. ‘घरी लावून बघा, चालेलच’ म्हणणाऱ्याकडून घेऊ नका.

बसवताना, आणि काळा पडदा दिसल्यावर

कार्ड हातात येण्याआधीच बोर्डाच्या किंवा डब्याच्या कंपनीच्या साइटवरून बायोस, म्हणजे कम्प्युटर सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर, अद्ययावत करून घ्या. जुनं कार्ड असेल तर त्याचा ड्रायव्हर ‘डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर’ या सॉफ्टवेअरने पुसा. वायर भिंतीतून काढा, पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून उरलीसुरली वीज जिरवा. डब्याच्या पत्र्याला हात लावून मग कार्ड धरा. बोर्डाला जवळच्या लांब स्लॉटमध्ये ते सरळ दाबा, टोकाची खिटी ‘टक’ करून बसली पाहिजे. मागचा स्क्रू आवळा.

चालू केलं आणि पडदा काळाच, तर घाबरून कार्ड परत करायला धावू नका. आधी मॉनिटरची वायर बघा. ती सवयीने बोर्डाच्याच पोर्टला लावलेली असते, तिला कार्डाच्या पोर्टला हलवायचं. मॉनिटर निळ्या व्हीजीए वायरचा असेल तर हल्लीच्या कार्डांना तसं तोंडच नसतं. एचडीएमआयवरून व्हीजीए करणारं, आत चिप असलेलं कन्व्हर्टर लागतं. नुसती दोन टोकांची वायर चालत नाही. मग सहा पिनची वायर, असेल तर. मग रॅम: कार्ड दाबताना बोर्ड वाकतो आणि रॅमची पट्टी सैल होते. ती काढा, सोनेरी पाय खोडरबरने हलके पुसा, परत बसवा.

एवढं करूनही काही नाही, आणि बोर्ड दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा असेल, तर बायोसच्या जुन्या पद्धतीचा संशय घ्या. काही नवी कार्डं फक्त यूईएफआय या बायोसच्या नव्या पद्धतीनेच चित्र देतात. कार्ड काढून, बोर्डाच्या डिस्प्लेवर बायोसमध्ये जाऊन यूईएफआय चालू करा. विंडोज जुन्या पद्धतीने टाकलेली असेल तर हे केल्यावर ती सुरू होणार नाही, म्हणून डेटाची प्रत आधी काढून ठेवा.

चित्र आलं, ड्रायव्हर चढला, की जीपीयू-झेडमध्ये ‘बस इंटरफेस’ची ओळ वाचा. आरटीएक्स ३०५०साठी तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर तिथे आठ लेन आणि ३.० दिसायला हवं. १.१ दिसलं तर दचकू नका, काम नसताना कार्ड झोपतं. शेजारच्या प्रश्नचिन्हावर क्लिक करून छोटी चाचणी चालवली की आकडा वर चढतो. लेन मात्र एक किंवा चारच दिसत असतील तर कार्ड चुकीच्या स्लॉटमध्ये आहे, किंवा एका टोकाला दीड-दोन मिलिमीटर वर राहिलंय. काढा, सोनेरी कडा पुसा, आणि पुन्हा ‘टक’ ऐकू येईपर्यंत दाबा.